सपोर्टचं सस्पेन्शन

पासलीत मोबाईलला रेंज मिळते ती गेनबांच्या घरामागच्या कातळावर. वाडीतल्या प्रत्येकाचं खासगी बोलणं त्या कातळावर उभं राहून, वाऱ्याच्या वर आवाज चढवूनच होतं. आणि कातळाच्या खालच्या अंगाला शेळ्यांचं खोपटं असल्यामुळे, शेळ्यांना पाला टाकता टाकता गेनबांना वाडीची बरीचशी गुपितं आपसूक कळतात. आजवर त्यांनी त्यातलं एकही बाहेर फोडलेलं नव्हतं. पण त्या शनिवारी कातळावर त्यांचा स्वतःचाच मुलगा उभा होता.

कुमार भोरला एका सरकारी कचेरीत कारकून होता. आठवडाभर तिथंच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. दिवाळी झाली की मुलीकडचे त्याला बघायला येणार होते. अशा पोराचा आवाज वरून आला, तेव्हा गेनबांच्या हातातला पाला हातातच राहिला.

"हो, सस्पेन्शनचंच तर ठरत नाहीये अजून... साधं म्हटलं तर जन्मभर मनात राहील हो... आणि ते स्पोर्टचं फार कडक असतं म्हणतात, कंबरडं मोडायचं पहिल्याच दिवशी... एकदा झालं की नंतर बदलत नाही ना?... छे, घरी कुणाला बोललेलो नाही. आईला तर आत्ता कळताच कामा नये. दसऱ्याला एकदमच काय ते कळू दे... बरं, सोमवारी साहेबांना भेटून सांगतो."

पलीकडे होता हमरस्त्यावरच्या शोरूममधला विक्रेता, आणि बोलणं चाललं होतं एका छोट्या लाल गाडीचं. गाडी ठरली होती. तिला स्पोर्ट सस्पेन्शन घ्यायचं की साधं, एवढ्यावरच घोडं अडलं होतं, आणि ते शोरूमच्या साहेबांना सोमवारी सांगायचं होतं. पण कातळाखाली एकाच बाजूचं ऐकू येतं, आणि सस्पेन्शन हा शब्द पासलीला एकाच अर्थानं ठाऊक होता. सरकारी माणूस चूक करतो, साहेब कागद काढतो आणि माणूस घरी बसतो, ते सस्पेन्शन. एक शेळी गेनबांच्या हातातला पाला ओढून खाऊ लागली, तरी त्यांना कळलं नाही.

गावात सरकारी गोष्टीतलं कळणारा माणूस एकच, मानसिंग. फार पूर्वी तो एकदा पंचायतीत निवडून आला होता आणि तेव्हापासून माजीच होता. गेनबा त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"एका पावन्याच्या पोराचं विचारतो," गेनबा म्हणाले. "त्याचं म्हनं सस्पेन्शन हाय. आन त्यात म्हनं दोन परकार असत्यात."

मानसिंगनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि पाहुणा कोण ते ओळखलं. पण माहीत नाही असं म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "असत्यात की," तो म्हणाला. "कुठलं कुठलं सांगितलं त्येला?"

"एक साधं. दुसरं काय तरी... सपोर्टचं, असं ऐकू आलं. ते लई कडक असतंय म्हनं."

"बरोबर हाय." मानसिंगनं डोळे मिटले. "साधं सस्पेन्शन म्हंजे मानूस घरी बसला. ना कोन इचारत, ना कोन बोलवत. तसाच खितपत पडला. सपोर्टच्या सस्पेन्शनात पयला दनका जोरात बसतोय, पर मागं मानसं असत्यात. सपोर्ट असतोय. मानूस म्होरं हुबा ऱ्हातोय."

"मग पोरानं कंचं घ्यावं?"

"आरं गेनबा, सपोर्ट सोडून साधं घेतंय व्हय कुनी? सपोर्टचंच घ्याला सांग. मानसं जमवायचं म्या बगतो."

गेनबांना इतकं बरं वाटलं की मानसिंगचा चहा त्यांनी, साखर जास्त असूनही, सगळा प्यायला. घरी आले तेव्हा कुमार अंगणात एकटाच बसला होता, मोबाईलवर कसलीशी चित्रं न्याहाळत. बापाला पाहताच त्यानं मोबाईल पालथा घातला. गेनबांचा जीव तुटला. हे पोर एवढं ओझं एकटंच वाहतंय, आणि आपल्याला सांगायची त्याला भीती वाटते, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"कुमार," ते शेजारी बसत म्हणाले, "म्या समदं ऐकलं. कातळावरचं."

कुमार दचकला. "आईला नाही ना बोलला?"

"न्हाई. आन बोलनार बी न्हाई. हे बग, ह्यात लाजायचं काय कारन न्हाई."

"लाज कसली आबा? आमच्या कचेरीत तर आता निम्म्याअर्ध्यांचं झालंय. साहेबांचं दोनदा झालं."

"दोनदा?"

"हो. पहिल्याचा कंटाळा आला म्हणून."

सरकारी नोकरीबद्दल गेनबांचा जो काही आदर होता, तो त्या घटकेला बराच हलला. पण हलला तरी त्यांनी तो सावरून धरला, कारण पोराला धीर द्यायचा होता.

"तुजं मन कशात हाय? साध्यात का सपोर्टात?"

कुमार मान खाली घालून हसला. 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणणाऱ्या वाडीत 'स्पोर्ट'चं 'सपोर्ट' झालं, यात त्याला नवल वाटायचं कारण नव्हतं. "खरं सांगू? मन स्पोर्टातच आहे. पण साधं घेतलं तर आईला बरं पडेल. त्यात दणके बसत नाहीत."

"आईचं म्या बगतो," गेनबा ठामपणे म्हणाले. "सपोर्टचंच घे. दनका काय, बसंल तो सोसू. आमी हाव मागं."

कुमारच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप आपल्या हौसेला असा पाठीशी उभा राहील असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो वाकून बापाच्या पाया पडला. गेनबांच्याही डोळ्यांत पाणी आलं. कारणं वेगळी होती, पण पाणी दोघांचं खरं होतं.

मग मानसिंग कामाला लागला. माणसं जमवायची तर माणसांना सांगायला हवं, म्हणून त्यानं सांगितलं. प्रत्येकाला सांगताना, "सोजरावैनीला कळू देऊ नका," एवढं तो न चुकता म्हणायचा. गावानंही तो शब्द पाळला. कुणी कुमारच्या आईला, सोजराबाईंना, काही बोललं नाही. फक्त सगळे त्यांच्याशी फार चांगले वागू लागले.

नळावर बायका त्यांना पहिला हंडा भरू देऊ लागल्या. कुणी दुधाचा तांब्या आणून दिला, कुणी काकड्या. बांधावरून जिच्याशी भांडण होतं ती शेजारीणसुद्धा येऊन, "जिवाला जपा," म्हणून गेली. सोजराबाईंनी तीन-चार दिवस हे पाहिलं आणि मग एका दुपारी गेनबांसमोर येऊन बसल्या.

"अवो, मला काय झालंया?"

"तुला? काय न्हाई."

"मग समदी माज्याकडं अशी का बगत्यात? मागल्या म्हैन्यात शिबिरात डाक्टरनं तपासलं, तवा त्यो तुमास्नी बाजूला घेऊन बोलला हुता. लपवू नका. मोठं काय हाय का?"

डॉक्टर बाजूला घेऊन बोलला होता ते गेनबांच्या तंबाखूबद्दल. पण ते सांगणंही अवघड होतं आणि खरं सांगणं त्याहून अवघड. गेनबा नुसतेच शेळ्यांकडं पाहत राहिले. त्यांचं गप्प राहणं पाहून सोजराबाईंची खात्रीच पटली.

"असू द्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "रडायची न्हाई म्या. येकदा फकस्त भाटघरला न्या. रत्नाक्काला बगायचंय."

हे मात्र गेनबांच्या काळजात घुसलं. रत्नाक्का ही सोजराबाईंची थोरली बहीण, आईच्या मागं तिनंच यांना वाढवलं. आता तिला गुडघ्यांमुळं घर सोडवत नव्हतं, आणि सोजराबाईंना गाडी लागायची. लागायची म्हणजे अशी की यष्टी पहिल्या वळणावर डोलली की पोटात ढवळायला सुरुवात, आणि वेल्हं यायच्या आत सगळं बाहेर. लिंबू हुंगून झालं, ओवा खाऊन झाला, डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. मागच्या खेपेला तर त्या अर्ध्या घाटात उतरून चालत परत आल्या होत्या. बैल होते तेव्हा बैलगाडीतून त्या कितीही हिंडायच्या, पोटातलं पाणी हलायचं नाही. पण बैल विकले, आणि बैलगाडीनं भाटघर गाठायचे दिवस राहिले नव्हते. दोघी बहिणींचं बोलणं व्हायचं ते मोबाईलवर, सोजराबाईंनी कातळावर उभं राहून, ओरडून.

"नेतो," गेनबा म्हणाले. कसं नेणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळपासूनच मानसिंगची माणसं गावाच्या तोंडाशी, ओढ्यावरच्या मोरीपाशी येऊन थांबली. पोरगं मान खाली घालून येईल, तेव्हा त्याला एकटं वाटू नये, हा बेत होता. गेनबाही होते. सगळ्यांचे चेहरे मातीला आल्यासारखे. तेवढ्यात वळणावरून झेंडूचा हार घातलेली एक छोटी लाल गाडी आली आणि आत कुमार हसत बसलेला दिसला.

"हार घालून पाठवलाय," मानसिंग हळूच म्हणाला. "म्हंजे निरोपसमारंभ झाला म्हनायचा."

मोरीखाली नवा नळ टाकून वर मुरमाचा उंचवटा केलेला होता. गाडी त्यावर चढली आणि 'खर्र' आवाज करून पोटावर बसली. ना पुढे जाईना, ना मागे येईना. कुमार घाईनं उतरला आणि जमलेली माणसं बघून चकित झाला.

"तुम्ही सगळे इथं?"

"सपोर्टासाठी जमलोय!" मानसिंग म्हणाला.

"म्हणजे स्पोर्टचं तुम्हालाही कळलं?" कुमारला आबांचं फारच कौतुक वाटलं. "बरं झालं बाबा. स्पोर्टात गाडी खाली बसते ना जरा. उचलावी लागेल."

माणसं वाकली आणि गाडी अलगद उचलून मोरीच्या अलीकडं ठेवली. मग कुमारनं बापाचा हात धरून त्यांना चाकापाशी नेलं आणि आत बोट दाखवलं. "हे बघा आबा. हेच ते. स्पोर्ट सस्पेन्शन. तुम्ही म्हणालात तेच घेतलं."

गेनबा गुडघ्यावर बसून चाकाच्या आत पाहू लागले. एक जाडजूड काळी स्प्रिंग होती. तिच्याकडं ते बराच वेळ पाहत राहिले. कातळ, मानसिंगचा ओटा, दोनदा झालेले साहेब, नळावरचे हंडे, सगळं एकेक करून त्यांच्या डोक्यात जागच्या जागी बसलं. पोराची नोकरी शाबूत होती. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं जोराचा ठसका लागला.

"कसं काय वाटलं?" कुमारनं विचारलं.

"ब्येस हाय," गेनबा कसेबसे म्हणाले.

मानसिंगनं मात्र आपल्यापरीनं हिशोब लावला होता. "बगितलंस?" तो शेजारच्याला सांगत होता. "सपोर्ट असा पायजे. नोकरी तर ऱ्हायलीच, वर गाडी दिऊन पाठवलं." तो आजही तसंच सांगतो.

घरी सोजराबाईंनी गाडीला कुंकू लावलं. पोरगं गाडी आणणार म्हणून गावानं आपल्याला आधी हंडा भरू दिला, असा त्यांनी अर्थ लावला, आणि मरणाचं भय एकदम गेल्यावर माणसाला जी तरतरी येते ती त्यांना आली. त्या लागलीच लुगडं बदलून आल्या. "चला भाटघरला," त्या म्हणाल्या, आणि मग आठवण होऊन त्यांचा चेहरा उतरला. "पर गाडी लागंल रं."

कुमारचाही चेहरा उतरला. आईला मावशीकडं नेता यावं म्हणूनच तर सगळा खटाटोप होता. गेनबा पुढं बसले, सोजराबाई मागं. मुठीत लिंबू, मांडीवर पिशवी. पहिल्याच खड्ड्यात असा दणका बसला की लिंबू हातातून उडून पायाशी गेलं.

"चुकलंच आबा," कुमार पुटपुटला. "साधं घ्यायला हवं होतं. शोरूमवाला सांगत होता, आई बसणार असेल तर साधंच घ्या."

चूक कुणाची ते गेनबांना एकट्यालाच ठाऊक होतं. घाट लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. दोघंही मागं वळून बघायला घाबरत होते. वेल्हं आलं. मागून आवाज आला, "हितं भजी मिळत्यात का रं?"

कुमारनं गाडीच थांबवली. सोजराबाईंनी भजी खाल्ली. कापूरहोळला चहा घेतला. भोरच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक गावात आपलं कोण दिलंय ते सांगायला सुरुवात केली, आणि भाटघर येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

"आई, त्रास नाही झाला?" कुमारनं शेवटी न राहवून विचारलं.

"कशाचा तरास? डोलत न्हाई बग ही. यष्टी कशी झुलती, पोट वर येतंय. हिचं तसं न्हाई. खड्डा आला की खड्डा आला म्हनून कळतंय." त्या सीटवर हात फिरवत म्हणाल्या, "लई झ्याक हाय बाबा. आगदी आपल्या बैलगाडीवानी."

एवढ्या हौसेनं निवडलेल्या गाडीचं हे कौतुक ऐकून कुमारनं नुसताच गिअर बदलला. तोवर घर आलं. रत्नाक्का काठी टेकत दारापर्यंत आल्या होत्या. सोजराबाई आपल्या पायांनी उतरल्या, ताठ चालत गेल्या आणि बहिणीच्या गळ्यात पडल्या. दोघी मोठमोठ्यानं बोलू लागल्या; कातळावरून बोलायची सवय एकाएकी कशी जाणार!

बापलेक गाडीपाशीच उभे राहिले. कुमारनं डोळे पुसले.

"आबा, एक विचारू? मी साधंच घेणार होतो. तुम्हाला कसं कळलं, आईला हेच सोसेल म्हणून?"

गेनबांनी चाकाकडं पाहिलं, मग पोराकडं. कातळाखालची इतकी गुपितं त्यांनी आजवर पोटात ठेवली होती. हे तर घरचंच होतं.

"आरं," ते म्हणाले, "जलम गेला माजा बैलगाडी हाकन्यात." आणि ते बहिणीबहिणींचं बोलणं ऐकायला घरात गेले.