आमच्यात लोखंड चालत न्हाय

एकोणीस एप्रिल, शहाऐंशी साल. माझ्या वहीत त्या दिवसाचं काम एका ओळीत लिहिलंय: चादर धुणे. पाणी होतं दोन तांबे, आणि चादरीवर एकेचाळीस शेळ्यांची लाळ. एरवी मी ती तशीच झटकून वाळत टाकली असती. पण ती पांढरीशुभ्र लागायची. आमच्या गावचे भानुदासभाऊ आंब्यावर चढून बांडगूळ कापायचे, ते जमिनीला टेकू द्यायचे नाहीत. खाली चौघींनी चादरीचे चार कोपरे धरून उभं राहायचं. बांडगूळ भुईला टेकलं की त्यातली शक्ती जाते, असं त्यांच्यात मानतात.

त्यांच्यात म्हणजे ड्रुइड लोकांच्यात.

हे ड्रुइड भानुदासभाऊंना येडशीच्या स्टेशनावर सापडले. छोट्या गाडीची वाट बघताना बाकावर कुणीतरी विसरलेलं एक इंग्रजी पुस्तक पडलं होतं. पुढचं कव्हर नाही, शेवटची पानं नाहीत. भाऊ मॅट्रिकला इंग्रजीत पास झालेले आमच्या गावातले पहिले, त्यामुळं पुस्तकात काय लिहिलंय ते त्यांनी सांगावं आणि आम्ही ऐकावं. ड्रुइड म्हणजे साता समुद्रापलीकडच्या जंगलातला ज्ञानी म्हातारा. तो झाडांशी बोलतो, वाटेल तेव्हा अस्वल होतो, धुकं बोलावतो, कढईत काढे उकळून राजांना पाजतो. पुस्तकाच्या मधोमध एक रंगीत चित्र होतं. पांढऱ्या दाढीचा माणूस झाडावर, हातात सोन्याचा विळा, खाली चादर धरून लोक, आणि विळ्याखाली जे झुडूप होतं ते बघून मीसुद्धा चष्मा पुसला. ते बांडगूळच होतं.

तेव्हापासून पन्नाशीचे, बिनलग्नाचे, थोरल्या भावाच्या घरी दोन वेळ जेवणारे भानुदासभाऊ ड्रुइड झाले. दाढी हवी तितकी पांढरी होईना, म्हणून चुलीतली राख लावायचे. घाम आला की गळ्यावर ओघळ यायचे.

अस्वल होण्याचा प्रयत्न त्यांनी रामलिंगच्या जंगलात केला. घोंगडं पांघरून चार पायांवर चालत असताना तिथल्या राखणदारानं सरपणचोर समजून काठी उगारली. भाऊ परत आले ते खुशीत. म्हणाले, "अस्वलच दिसलो आसंन की. मान्सावर कोन एवढी काठी उगारतंय?"

काढा मी एकदा प्याले. त्याबद्दल लिहीत नाही.

पावसाचं मात्र अख्ख्या गावानं विचारलं. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं, विहिरींचे तळ दिसत होते. पारावर लोकांनी त्यांना गाठलं, तुमचा ड्रुइड पाऊस पाडतो की नाही ते सांगा. भाऊंनी पुस्तक उघडलं, शेवटाकडं बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाडतो. पर ती पानं फाटल्यात." त्या उन्हाळ्यात मला मिळालेलं ते सगळ्यात प्रामाणिक उत्तर. बाकीचे सगळे तारीख देत होते.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं: "आमच्यात चालत न्हाय." आमच्यात लोखंड चालत न्हाय. आमच्यात झाडाच्या सावलीवर पाय देत न्हाईत. हे वाक्य मी जन्मापासून दुसऱ्या लोकांच्या तोंडून ऐकत आले होते, आणि त्यात न चालणारी वस्तू बहुतेक वेळा मीच असायचे. त्यामुळं लोखंडावर भागतंय हे ऐकून मला बरंच वाटलं. एकदा ते म्हणाले, झाडावर चढण्याआधी सगळ्यांनी हात जोडायचे. मी म्हटलं, "भाऊ, आमच्या घरानं छप्पन साली तेहतीस कोटी सोडले. आता तुमचा हा एक वरचा कुठं ठेवू?"

ते म्हणाले, "बरं, तुमी नुस्ती चादर धरा. चेअरमनबाईला माफ हाय."

चेअरमनबाई मी. गावात एकोणीस बायकांची शेळीपालन सहकारी संस्था होती, तिची. शेळ्या एकेचाळीस, आणि चारा नाही. दर बाजाराला एखादी म्हणायची, बाई, कळंबला नेऊन विकू का. आठवड्याच्या बाजारात खाटकाशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. शेळ्या गेल्या की संस्था गेली, आणि बायका परत दुसऱ्याच्या बांधावर.

भाऊंचं पहिलं बांडगूळ चादरीत पडलं तेव्हा माझी बांडी शेळी मध्ये घुसली आणि ती जाड हिरवी पानं पापडासारखी खाऊन गेली. भाऊ वरून ओरडायच्या बेतात होते. मी विचारलं, भुईला टेकलं का? नाही. शेळीच्या पोटात गेलं. शक्ती कुठं गेली? ते म्हणाले की शेरडात गेली. पुस्तकात तसं नाही, पण त्याच्याविरुद्धही काही नाही.

तिथून आमचं काम सुरू झालं. आंबेवाल्यांना फुकट झाडं साफ करून मिळाली, शेळ्यांना हिरवं मिळालं. अडचण एकच, विळ्याची. भाऊंनी आईच्या पितळी गडव्याचा विळा करून घेतला होता. दुसऱ्या फांदीला तो केळीच्या सालीसारखा वाकला. दुसऱ्या दिवशी मी माझा लोखंडी विळा घेतला, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला सोनेरी रंग त्याच्यावर फासला आणि म्हटलं, हा घ्या, माहेरचा आहे. त्यांनी तो हातात तोलला, उन्हात धरला आणि कपाळाला लावला. मला जरा वाईट वाटलं. पण शेळ्या एकेचाळीस होत्या.

महिना दीड महिना असा निघाला. एप्रिलच्या मध्याला आजूबाजूच्या तिन्ही शिवारांत बांडगूळ उरलं नाही. एकोणीस तारीख उजाडली तेव्हा संस्थेनं मागवलेला कडब्याचा ट्रक दोन दिवसांनी यायचा होता. आणि कळंबचा बाजार होता दुसऱ्याच दिवशी. तिघी बायकांनी शेळ्यांना दावी लावून ठेवली होती.

उरलं होतं एकच झाड, भाऊंच्या थोरल्या भावाच्या, रंगनाथअण्णांच्या विहिरीवरचा आंबा. सगळी पानं झडलेली, फांद्या उघड्या, आणि त्यात बांडगुळाचे सहा-सात हिरवेगार झुबके. दोन दिवस सहज निघाले असते. धुतलेली चादर वाळली तशी मी चौघींना घेऊन तिथं गेले.

भाऊ वर बसले होते, विळा मांडीवर. अण्णा खाली, आणि त्यांच्यासोबत कुऱ्हाड घेतलेला लाकूडतोड्या.

मी म्हटलं, "कापा भाऊ, शेरडं थांबल्यात."

"हे कापायचं न्हाय."

"का? तुमच्यात चालत न्हाय व्हय?"

"आमच्यात चालतं," ते म्हणाले. "मलाच जमंना."

मग हळूहळू कळलं. झाड आईनं लावलेलं. अण्णा म्हणत होते वाळलंय, सरपणाला देऊन टाकू. भाऊ सकाळपासून वर बसून एकच सांगत होते, झाड मेलं असतं तर बांडगूळ हिरवं राहिलं नसतं. मेलेलं झाड कुणाला पाजत नाही. ते कापलं तर झाड जिवंत आहे हे दाखवायला काही उरणार नाही, आणि कुऱ्हाड पडेल.

अण्णा माझ्याकडं बघून हसले. "बगा चेअरमनबाई. एका बांडगुळाचा दुसऱ्यावर कसा जीव हाय. बावीस वर्सं मपल्या घरात दुसरं काय बोलतोय आमी याला."

लाकूडतोड्या हसला. माझ्या चौघींतली एकही हसली नाही. भाऊ विळ्याकडं बघत बसले. आणि मला ते रंगीत चित्र आठवलं. एवढ्या पुस्तकात तेच एक पान बोटं लागून लागून जुन्या नोटेसारखं मऊ का झालं होतं, ते आत्ता समजलं. कुठल्यातरी मुलखात लोक खाली चादर धरून उभे राहतात, आणि कशासाठी, तर बांडगुळासाठी.

पण असं उभं राहून विचार करत बसलं तर शेळ्या मरतात. मी भाऊंना म्हटलं, विळा द्या इकडं. बुंध्याला, अण्णांच्या डोळ्यांसमोर, एक चांगली चीर दिली. साल निघाली. आत ओलं हिरवं होतं. अण्णांनी बोट लावून बघितलं, नखानं आणखी थोडं उकरलं, तिथंही हिरवंच.

"झाड जित्तं हाय," मी म्हटलं. "आणि पाऊस पडंपतूर त्याच्यावर सोसायटीची शेरडं हाईत. कुऱ्हाड लावायची तर आदी एकोणीस बायांशी बोला."

एकोणीस बायकांशी बोलायची इच्छा अण्णांना नव्हती. लाकूडतोड्याला घेऊन ते चहाला गेले.

विळा परत वर द्यायला गेले तेव्हा बघितलं, पात्यावरचा रंग चिरेबरोबर निघून गेला होता. काळं लोखंड उघडं पडलं होतं. मी तो पदराआड करणार, तेवढ्यात भाऊंनी हात खाली केला.

"सोनं उडालं जनू," ते म्हणाले.

"उद्या लावून देते."

"जरा दाट लावा. मागल्या खेपंला लई पातळ लागलं हुतं."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी एकेक झुबका कापला, आम्ही चादरीत झेलला, एकही भुईला टेकला नाही. सगळ्यात वरचा एक उरला तेव्हा ते माझ्याकडं बघत थांबले. मी म्हटलं, तो राहू द्या, तेवढ्यानं शेरडांचं काही अडत नाही. तसं अडणार होतं थोडं.

तिघी बायकांनी दावी सोडली. बाजाराला कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातून रंगाचा डबा काढला, तळाशी घट्ट झाला होता तो रॉकेल घालून पातळ केला आणि विळ्याला दोन हात दिले. मुठीजवळ तिसरा दिला. तिथं अंगठा घासतो, तिथला लवकर जातो.