शेवाळे पोहोचतात

देवळ्याला शेवाळ्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं आणि त्यांनी मला आणि माझ्या बायकोला, निर्मलाला, आग्रहानं सोबत नेलं होतं. नाशिकहून एसटीनं धूळ खात आम्ही भर उन्हात मांडवाच्या दारात उतरलो. शेवाळ्यांनी मनगटाला अत्तर लावून घेतलं, मान पुढे करून गुलाबपाणी घेतलं, पेढा तोंडात टाकला, मुलीच्या बापाला कडकडून भेटले आणि अक्षता पडायच्या आत परतीच्या एसटीत बसून नाशिकला निघून गेले. आम्ही दोघं त्या मांडवात राहिलो. ओळखीचं कुणी नाही, आणि प्रत्येक जण विचारतोय, तुम्ही कुणाकडचे?

दुसऱ्या दिवशी मी जरा रागानंच जाब विचारला. शेवाळे गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

"पोहोचलो की, मास्तर. आणखी काय करायचं असतं?"

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, पण ते मला मास्तरच म्हणत. ते स्वतः पाटबंधारे खात्यात कारकून. गंगापूर रोडला तेव्हा बंगले कमी आणि द्राक्षबागा जास्त होत्या. आमच्या गल्लीच्या टोकाला एका बंगल्याच्या मागच्या खोलीत ते एकटे राहत. लग्न केलेलं नव्हतं. निर्मला म्हणायची, "केलं असतं तरी बोहल्यावर पोहोचून परत आले असते."

राहण्यात काही कसब नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. "राहतात काय, कुठेही राहतात माणसं. पोहोचता आलं पाहिजे." सरकारनं नुसत्या पोहोचण्याचा पगार दिला असता तर शेवाळे मुख्य अभियंता होऊन निवृत्त झाले असते. ऑफिसात ते सगळ्यांच्या आधी हजर असत. पुढचा दिवस बसून काढावा लागतो, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

रोज संध्याकाळी ते आमच्याकडे पोहोचत. फाटकाला कडी नव्हती, बोटानं ढकललं तरी उघडायचं. पण शेवाळे सायकलची घंटी वाजवून बाहेरच उभे राहत. निर्मला पदराला हात पुसत जायची. "या भाऊजी, या." मग ते आत येत. आत म्हणजे व्हरांड्यापर्यंत. चपला काढाव्या लागतील इतक्या आत ते कधीच आले नाहीत. तांब्याभर पाणी उभ्याउभ्याच प्यायचं, दोन गोष्टी बोलायच्या. "बरं, पोहोचलो. येतो." की चालले.

दुसऱ्यांच्या पोहोचण्याचंही त्यांना तेवढंच अप्रूप होतं. गल्लीत कुणी गावाहून परतलं की शेवाळे फाटकाशी हजर. हातातली पिशवी घेणार, बाजूला होऊन वाट देणार, आणि विचारणार, "या. प्रवास कसा झाला?" गावाहून येणाऱ्याला हे बरं वाटे. पण शेजारच्या जोशीकाकू कोपऱ्यावरून मेथीची जुडी घेऊन आल्या तरी तेच.

"या काकू. प्रवास कसा झाला?"

"मेला कसला प्रवास. कोपऱ्यावर गेले होते."

"गर्दी होती का?"

काकू करवादत, पण पिशवी त्यांच्या हातात देत. पुढे पुढे मी पाहिलं, शेवाळे दिसले नाहीत तर त्या फाटकाशी जरा रेंगाळत.

देवळ्याच्या त्या मांडवात आम्हा दोघांना शेवटी ज्यांनी हाताला धरून पंगतीला बसवलं, त्या शेवाळ्यांच्या थोरल्या बहीण, भागाआक्का. भाऊ निघून गेल्याचं त्यांना नवल वाटलं नव्हतं. वाढता वाढता त्या निर्मलाला म्हणाल्या, "लहानपणापासून असाच हाय तो. आई गेली तवा चार वर्साचा. मग आज या काकाकडं, उद्या त्या मामाकडं. ज्याच्या दारात हुबा राहिला, त्यानं पहिलं हेच इचारलं, किती दिस राहणार? आता तो कुनाला इचारूच देत नाय."

निर्मलाचा हात पानावर थांबला. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. त्यानंतर सायकलची घंटी वाजली की ती हातातलं काम टाकून फाटकाशी जाई.

शेवाळ्यांच्या खोलीत एक कॅलेंडर होतं. त्यांच्या साहेबांच्या मुलानं परदेशातून आणलेलं. वर्ष केव्हाच सरलं होतं, पण कॅलेंडरवर एकच महिना कायमचा मुक्कामाला होता. चित्रात एक बेट होतं. इतकं निळं पाणी मी तोवर पाहिलं नव्हतं. पाण्यात खांबांवर उभा लाकडी धक्का, मागे माडांत गवती छपरांच्या खोल्या, आणि धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं. कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात शहाळं.

"फार सुंदर समुद्र आहे," मी म्हणालो.

"समुद्र काय हो, सगळीकडे असतो. ही माणसं बघा, मास्तर. बोट अजून चित्रात आलेलीसुद्धा नाही, आणि ही आधीपासून उभी आहेत."

निर्मलानं समुद्र पाहिला नव्हता. जाऊ जाऊ म्हणत आमचं राहून गेलं होतं. ते कॅलेंडर पाहिल्यापासून संध्याकाळच्या दोन गोष्टी बेटाच्याच होऊ लागल्या, आणि दोनाच्या चार झाल्या. निर्मला व्हरांड्याच्या पायरीवर तांदूळ निवडत बसायची, शेवाळे सायकलला टेकून उभे. समोर द्राक्षबागेवर ऊन उतरत असायचं. वारा आला की मांडवावरची पानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलत जायची, आणि ते बेट हळूहळू आमच्या गल्लीजवळ यायचं. मी पुस्तक उघडून बसलेला असे, पण पान उलटलेलं मला आठवत नाही.

"मच्छरदाणी पांढरी असेल," निर्मला म्हणायची.

"पांढरीच. आणि थंडगार ओला टॉवेल देतात म्हणे. गुलाबपाण्याचा. तोंडावर ठेवायचा."

"आणि चहा?"

"चहाचं खात्रीनं सांगता येत नाही, वहिनी."

"मग मी चहाची पूड घेऊन येईन. पण खोली समुद्राच्या बाजूची पाहिजे हं भाऊजी. आत्ताच सांगून ठेवते."

बोट धक्क्याला लगेच लागता कामा नये, याविषयी शेवाळे फार आग्रही होते. ती थोडी अलीकडे थांबली पाहिजे. म्हणजे उतरण्याआधी घटकाभर ती माणसं नुसती बघता येतील. आपल्यासाठी उभी असलेली.

मग एका वर्षी योग आला. सरकारी नोकरांना प्रवासाची सवलत असते, तिचा शेवाळ्यांनी आयुष्यात उपयोग केला नव्हता. दक्षिणेकडच्या एका बेटावर तसंच एक हॉटेल झाल्याचं कुणीतरी सांगितलं. शेवाळ्यांनी अर्ज केला, पांढरी पँट शिवली, पांढरे नाड्यांचे बूट घेतले आणि कोटाशिवायच शोभेल अशी एक हॅट आणली. राहता राहिला सराव. बोटीतून रुबाबात कसं उतरायचं, हे त्यांना येत नव्हतं.

म्हणून एका रविवारी आम्ही तिघं सायखेड्याला गेलो. तिथे गोदावरीत एक होडी होती. निर्मला काठावर झेंडूचा हार घेऊन उभी राहिली, मी शहाळ्याऐवजी पाण्याचा तांब्या घेऊन. शेवाळे हॅट घालून होडीत बसले, थोडे आत गेले आणि काठाला आले. पहिल्यांदा उतरताना हॅट पाण्यात पडली. मग बूट चिखलात रुतला. मग सगळं जमलं, पण नावाड्यानं मध्येच आधाराला हात दिल्यामुळे रुबाब गेला. पुन्हा होडी आत, पुन्हा काठाला. शेवटी नावाडी वैतागला.

"साहेब, येकदा काय ते ठरवा. उतरायचं हाय का नाय?"

"उतरायचंय रे बाबा. पण नीट पोहोचायचंय."

"लय झालं. एवढ्यात म्या पैठणला पोचलो असतो."

निर्मला इतकी हसली की हार हातात घेऊनच खाली बसली. हसता हसता तिला दम लागला. बराच वेळ तो जाईना. हसण्यामुळेच लागला, असं आम्हा तिघांनाही वाटलं.

दिवाळीनंतर तिला मुंबईच्या इस्पितळात न्यावं लागलं. शेवाळ्यांचं निघणं तोंडावर आलं होतं. ते व्हरांड्यात येऊन म्हणाले, "मी काही जात नाही. बेट कुठे पळून जातंय?" निर्मला खुर्चीत बसली होती, बॅगा भरलेल्या होत्या. तिनं त्यांना जवळजवळ रागावूनच सांगितलं, "तुम्ही जायचं. मी परत येईन तेव्हा मला सगळं सांगायला कुणीतरी तिथे पोहोचलेलं पाहिजे."

ते गेले. आम्ही मुंबईला गेलो.

मुंबईच्या दिवसांविषयी मला फारसं लिहिता येत नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा. त्यांना मी जे विचारलं, तेच मग मला सगळे विचारू लागले. तिचे भाऊ, माझ्या बहिणी, इस्पितळाच्या व्हरांड्यात भेटणारे अनोळखी लोकसुद्धा. हलक्या आवाजात, मला बाजूला घेऊन. किती दिवस? निर्मलाला ते ऐकू जात नसे, पण बाजूला नेलेला माणूस तिला दिसत असे.

टॅक्सीनं आम्ही नाशिकला निघालो. कसारा घाट चढेपर्यंत ती डोळे मिटून होती. इगतपुरीची गार हवा लागली तेव्हा म्हणाली, "मला एकाच गोष्टीची भीती वाटते. फाटकाची. सगळे तिथे उभे असतील. माझ्याकडे बघून रडतील. मला ते बघवणार नाही." मी तिचा हात धरला. जसजसं नाशिक जवळ येत गेलं तसा तो हात माझ्या हातात आवळत गेला.

टॅक्सी गल्लीत वळली. ऊन बागेवर उतरलेलं होतं. माणसं होतीच, आपापल्या दारांत उभी. जोशीकाकूंनी पदर तोंडाला लावलेला मला लांबूनच दिसला. टॅक्सी फाटकाच्या थोडी अलीकडे थांबली, कारण पुढे रस्त्याच्या मधोमध एक सायकल आडवी लावलेली होती. आणि फाटकात पांढरी पँट, पांढरे बूट आणि हॅट घालून शेवाळे उभे होते. ते अजून बेटावर असायला हवे होते. त्यांच्या एका हातावर शिंपल्यांची माळ होती, दुसऱ्या हातात शहाळं. शेजारच्या स्टुलावर ताटलीत घडी घातलेला ओला टॉवेल.

निर्मला काचेतून बघत राहिली. शेवाळे जागचे हलले नाहीत. तिचं पुरतं बघून होईपर्यंत ते नुसते उभे राहिले. मग पुढे आले, दार उघडलं.

"या वहिनी. प्रवास कसा झाला?"

मला वाटलं, आता ही रडणार. तिनं मान पुढे केली. त्यांनी माळ घातली. तिनं टॉवेल तोंडावर ठेवला. काढला तेव्हा ती हसत होती.

"खोली समुद्राच्या बाजूची आहे ना?"

"तीच राखून ठेवलीय."

दोघा शेजाऱ्यांनी आणि मी तिला खुर्चीवरून आत नेलं. शेवाळे शहाळं धरून उंबऱ्यापर्यंत आले. पलंग बागेकडच्या खिडकीशी सरकवलेला होता, वर पांढरी मच्छरदाणी. किल्ली जोशीकाकूंकडे होती. शेवाळ्यांनी व्हरांड्यातून सूचना दिल्या होत्या आणि काकूंनी कुरकुरत सगळं हलवलं होतं. वाऱ्यानं खिडकीबाहेरची पानं या टोकापासून त्या टोकापर्यंत हलली. निर्मला ती लाट संपेपर्यंत बघत होती.

मग तिनं दाराकडे मान वळवली. "तुम्ही इतक्या लवकर कसे? आवडलं नाही?"

"अगदी तसंच होतं, वहिनी. बोट अलीकडे थांबली. माणसं उभी होती. ही माळ, हा टॉवेल, शहाळं. सगळं मिळालं. उतरलोही बरा. हॅट पडली नाही."

"मग?"

शेवाळे उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "मग काउंटरवरच्या माणसानं वही उघडली आणि विचारलं, किती दिवस राहणार?"

निर्मलानं माळेतला एक शिंपला बोटांत धरला.

"त्याच बोटीनं परत आलो. बॅग उतरवायची राहिली होती, ते बरंच झालं."

गल्लीत ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं हसून सांगितली गेली. एवढे पैसे घालून बेटावर गेला आणि शहाळं पिऊन परत आला. मीही ऐकून हसत असे. त्या दिवशी मात्र निर्मला हसली नाही. तिनं शहाळ्याचा एक घोट घेतला.

शेवाळ्यांनी सवयीनं हॅट सारखी केली. "बरं. पोहोचलात. येतो मी."

"भाऊजी," ती म्हणाली. पलंगाशेजारी एक स्टूल होतं, त्यावर माझी पिशवी होती. तिनं मला खुणेनं ती पिशवी उचलायला सांगितली.

स्टूल रिकामं झालं. शेवाळे त्याच्याकडे बघत उंबऱ्याबाहेर उभे राहिले. तिनं पुढे काही विचारलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. मग ते खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. नवे बूट, गाठी घट्ट बसल्या होत्या. त्यांना वेळ लागला.

ते पांढरे बूट पौष सरेपर्यंत आमच्या दाराशी होते.