‘बरं हाय’ चालणार नाही

मेढ्याच्या एसटी स्टँडसमोर गणपतराव हवालदारांची खानावळ होती. जेवून हात धुतले की हवालदार चौकटीला दोन्ही हात लावून दारात उभे राहत आणि विचारत, “तक्रार?”

गिऱ्हाईक भिडेखातर म्हणे, “काय न्हाई. बरं हाय.”

“बरं हाय चालनार न्हाई. तक्रार सांगा आन् जावा.”

बाहेर एसटी सुरू झालेली असे, कंडक्टर घंटी वाजवत असे, पण हवालदार दारातून हलत नसत. शेवटी माणूस काहीतरी रचून सांगे आणि पळत सुटे. हवालदार ती तक्रार भिंतीवरच्या पाटीवर खडूनं लिहीत.

हा सोस पलटणीतला. हवालदारांनी वीस वर्षं लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, काढलेली. “साहेब यायचा, इचारायचा, कोई शिकायत? तीनशे मानसं एका दमात वरडायची, नहीं साहब. आन् ताटात डाळ कच्ची. मीच शिजवल्याली, मला ठावं न्हाई व्हय?”

ही पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी सांगलीहून बदलून आलेला कचेरीतला कारकून. बायको सांगलीतच होती. घरी मी भाजीला नावं ठेवली की दुसऱ्या दिवशी तीच भाजी दोन्ही वेळा मिळे, आणि कचेरीत साहेबांपुढं तोंड उघडायची सोय नव्हती. अशा माणसाला कुणीतरी दिवसातून दोनदा अदबीनं तक्रार विचारतंय म्हटल्यावर काय होईल? मी फुलून आलो. लोक जेवायला जात, मी तपासणीला जाऊ लागलो. महिन्याभरात हवालदार मला ‘तक्रारीतलं जाणकार’ म्हणू लागले आणि मला ते खरं वाटलं.

माझी सर्वांत गाजलेली तक्रार बाकाची. बाक उंच आहे, माझे पाय लोंबकळतात, असं मी सांगितलं. माझी उंची बेताची आहे हे मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी करवत घेऊन सगळ्या बाकांचे पाय कापले. मग टेबल हनुवटीला लागू लागलं. तशी तक्रार आली, तेव्हा टेबलांचेही पाय कापले गेले. त्यात एक टेबल डुगडुगू लागलं, ते सारखं करता करता सगळीच आणखी खाली आली. पंधरा दिवसांनी आम्ही गुडघे कानाशी घेऊन जेवत होतो. सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं बघत होती, आणि मी आमटीकडं बघत होतो.

कामाच्या तक्रारी दुसऱ्यांच्याच असत. रामू ड्रायव्हर एकदा म्हणाला, “हवालदार, आमटी लय कढत आसती. ती निवंस्तवर गाडीचा टाइम हुतुया.” तेव्हापासून गाडी यायच्या आधी दहा मिनिटं हवालदार आमटी परातीत ओतून ठेवू लागले. मग साताऱ्याकडचे सगळे ड्रायव्हर तिथंच जेवू लागले आणि त्यांच्यामागून उतारूही. खानावळ सुधारली ती अशा माणसांमुळं. श्रेय मात्र मी घेत होतो.

श्रावणाच्या तोंडावर एका दुपारी हवालदार लेकीचं पोस्टकार्ड घेऊन माझ्यासमोर बसले. मुलगी सुमन, शिराळ्याकडं दिलेली, लग्नाला वर्ष झालेलं. “भाऊसाहेब, तुमी जाणकार. ह्यात तक्रार कुटं हाय, बगा.”

कार्डावर चार ओळी होत्या. सासरची माणसं चांगली आहेत, माझी काळजी करू नये, इकडं सगळं बरं हाय.

“यात तक्रार नाही, हवालदार.”

“तेच भ्या वाटतंय,” ते म्हणाले. “हिची आईबी आसंच लिवायची. तीन वर्सं सगळं बरं हाय. रजेवर आलो तवा आंथरुणाला खिळल्याली. आट दिवसांत गेली. लंगरात तीनशे मानसं ठीक है म्हनायची, ते मी कवा खरं मानलं न्हाई. घरचं मातुर मानलं.”

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याजवळ तक्रार नव्हती. एवढंच म्हणालो, “पंचमीला तिला घेऊन या.”

पंचमीला सुमन माहेरी आली. दंडातून वाळलेली, पदर सारखा सावरणारी. खानावळीत आम्हा नेहमीच्या मंडळींच्या ओळीतच तिचं ताट वाढलं. ती जेवली, तिनं हात धुतला. हवालदार दारात उभे राहिले. चौकटीला दोन्ही हात लावून विचारलं, “तक्रार?”

“न्हाई आबा. बरं हाय.”

हवालदारांचे हात चौकटीवरून खाली आले. मला ते बघवेना. मी मोठ्यानं म्हणालो, “माझी भाकरी कच्ची आहे.” भाकरी चांगली खरपूस होती. रामू ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “आमटी आळणी हाय.” कोपऱ्यातला एक म्हातारा वाटीभर दही चाटूनपुसून खाल्ल्यावर म्हणाला, “दही आंबाट.” मग सगळेच सुरू झाले. चटणी, कांदा, पाण्याचा तांब्या, काही म्हणून सुटलं नाही. हवालदार मान हलवून एकेकाला म्हणत होते, “व्हय, बरूबर हाय.”

सुमन आधी बघत राहिली, मग हसली. “आबा, भाकरी लय जाड झालीया,” ती म्हणाली. “आईची पातळ आसायची.”

“व्हय पोरी. मला तशी जमत न्हाई.”

तिनं पदर सावरला. मग खाली बघत ती हळू म्हणाली, “आबा, तिथं माज्यासंगट कुनी बोलत न्हाई.”

आम्ही एकेक जण उठलो. दारात अडवायला कुणी नव्हतं. बाहेर पडताना मी मागं बघितलं. हवालदार लेकीसमोर बसले होते. डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

“आन्?” ते म्हणत होते. “आनि काय काय हाय, समदं सांग. मी हाय हितं.”