हांडेनानांच्या घरचा पहिला धोंडा

हांडेनाना ऑडिटला निघाले की स्कूटरच्या मागं घडीची खुर्ची बांधून निघतात. स्वतःची. लोखंडी, निळ्या पट्ट्यांची. मंचरहून कळंबच्या रस्त्याला ती खुर्ची दिसली की पंक्चरवाल्यापासून रसवंतीवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं, आज कुणाचं तरी दप्तर उघडणार. "खुर्ची निघाली रं!" असा फोन पुढच्या गावाला जातो. नाना पोचायच्या आत तिथल्या सोसायटीत झाडलोट झालेली असते आणि गणपतीच्या फोटोला नवा हार पडलेला असतो.

मी एकदा विचारलं, "नाना, त्यांच्याकडं खुर्च्या नसतात का हो?"

"असत्यात की. गुबगुबीत असत्यात," नाना म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलं का माणूस सैल पडतो, वंदनाताई. माणूस सैल पडला का सही बी सैल पडती."

चहासुद्धा स्वतःचा, थर्मासमधला. नानाही सीए आणि मीही सीए. मंचरला आमची ऑफिसं शेजारीशेजारी, मधे नुसती प्लायवूडची भिंत. त्या भिंतीतून मी या माणसाला इतकी वर्षं ऐकतेय की सांगायची सोय नाही. डोक्याला ताप आहे नुसता! आमच्या रिपोर्टांत एक ठरलेलं वाक्य असतं, "माझ्या माहितीप्रमाणे व विश्वासाप्रमाणे". आम्ही ते रिपोर्टात लिहितो आणि विसरतो. नाना ते जगतात. "नाना, बरे आहात ना?" असं विचारलं तर म्हणणार, "माझ्या माहितीप्रमाणे बरा हाय." बाहेर धो धो पाऊस चालू असताना पाऊस पडतोय म्हणून सांगितलं, तरी आधी खिडकीशी जाऊन हात बाहेर काढणार.

काकी, म्हणजे नानांच्या बायको, होत्या तेव्हा त्यांनी एकदा माझ्यासमोर विचारलं, "वांगं कसं झालंय?" नानांनी दोन घास खाल्ले, विचार केला आणि म्हणाले, "सर्वसाधारणपणे योग्य." काकी मला म्हणाल्या, "बघ बाई. ह्यांच्याशी संसार म्हंजी रोज इन्कम टॅक्सची नोटीस."

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या एका व्यापाऱ्यानं नानांच्या ओट्यावर क्रेट ठेवून दिला. काकींनी त्यातले दोन आमटीत टाकले. संध्याकाळी नाना आले, क्रेट पाहिला, आमटी पाहिली आणि बाजारात जाऊन दोन टोमॅटो विकत आणले. तेही त्याच मापाचे, निवडून. ते क्रेटमधे घातले आणि क्रेट परत केला. व्यापारी आजही सांगतो, "राव, मला काय कळायचं व्हतं का?" नानांचं म्हणणं, मला कळलं असतं ना!

काकी गेल्या आणि घरात नाना आणि सायली, एवढीच माणसं उरली. ही एकुलती एक लेक. तिचं कळंबच्या दादासाहेबांच्या मुलाशी, निखिलशी जमलं. दादासाहेबांचा दुधाचा कारखाना आहे, त्याचं ऑडिट नानांकडं होतं. सुपारी फुटायच्या आधी नानांनी खिशातून ऑडिटचा राजीनामा काढून व्याह्यांच्या हातात दिला. "आता आपण नातेवाईक. मला तुमची वही बघता यायची न्हाई." दादासाहेब मांडीवर थाप मारून हसले होते. "लई सरळ माणूस मिळाला व्याही!" तेव्हा त्यांना त्याचं कौतुक होतं.

आता मुख्य भानगडीकडं येते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या हिशेबतपासनीसांचं आमचं एक मंडळ आहे. यंदा नाना त्याचे अध्यक्ष झाले. म्हणजे दुसरं कुणी होईना, म्हणून झाले. मी चिटणीस. पुण्याच्या वरच्या मंडळाकडून पत्र आलं, यंदाचा वार्षिक अहवाल तीन मथळ्यांखाली द्यावा: वाढ, नीतिमत्ता आणि शाश्वतता.

"शाश्वतता म्हंजी काय रं भाऊ?" एका सभासदानं विचारलं.

"झाडं लावायची," दुसऱ्यानं सांगितलं.

अहवालाचा कच्चा मसुदा मी केला. "सभासदसंख्येत लक्षणीय वाढ," असं लिहिलं, जसं सगळे लिहितात. नानांनी पेन काढलं. "एक वारला. एक पुण्याला गेला. एकानं बायपासला मिसळीचं हॉटेल टाकलं. वाढ कुठं दिसली तुमाला?" वाढ खोडली. नीतिमत्तेवर मी पान भरून मजकूर लिहिला होता. त्यावर म्हणाले, "हे कुणी पाहिलंय का?" तेही पान गेलं. राहिली शाश्वतता.

मागच्या पावसाळ्यात मंडळानं आणि दादासाहेबांच्या कारखान्यानं मिळून तळेघरच्या वर एका माळावर झाडं लावली होती. सगळ्यांना टोप्या, मोठा बॅनर, वडापाव, फोटो. मीपण खड्ड्यात रोप धरून फोटो काढलाय. आता कारखान्याला मुंबईच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर मिळायची होती. त्या गिऱ्हाइकाला असली हिरवी कामं लागतात. त्यामुळं आमच्या अहवालाची प्रत दादासाहेबांना ऑर्डरच्या कागदांना जोडायची होती, आणि त्यात "झाडे सुस्थितीत आहेत" एवढं एक वाक्य हवं होतं.

नाना मिटिंगमधे म्हणाले, "मी व्याही लागतो. दुसऱ्या कुणी तरी जाऊन झाडं बघून या." ऐन उन्हाळा, वर चढायचं. त्याच क्षणी सगळ्या मंडळाचे गुडघे दुखायला लागले. शेवटी मी उठले. नाना म्हणाले, "मी संगं येतो, पण बोलणार न्हाई. तुमी बघायचं, तुमीच लिवायचं."

गेलो. माळ काळा पडलेला. वणवा येऊन गेला होता. खालच्या अंगाला जी रोपं वाचली होती ती शेरडांनी खुडलेली. एक म्हातारी गवऱ्या गोळा करत होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "लावाया लई जन आलं व्हतं, बाई. गाड्या घिऊन आलं व्हतं. पानी घालाया कोन बी न्हाई आलं." आडोशाला काही रोपं तग धरून होती. नानांनी वाकून एकेका पानाला हात लावला.

मी लिहिलं, लावलेली बहुतेक झाडं जळाली किंवा जनावरांनी खाल्ली, थोडी जगली आहेत. नानांनी वाचलं आणि सही केली. मी म्हटलं, "नाना, हे पुढं कळंबला कसं लागेल, कल्पना आहे ना?" म्हणाले, "हाय."

लागलंच. ऑर्डर लांबणीवर पडली आणि दादासाहेबांचं तोंड फिरलं. नाना स्वतः कळंबला गेले, हात जोडले. "या पावसात परत लावू. कुंपण घालू, मी स्वतः पाण्याचं बघतो. जगली का तसं लिवू." दादासाहेबांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. "ते एक वाक्य बदला. तवर माझ्या घरचं कुणी तुमच्या उंबऱ्याला यायचं न्हाई."

आणि नेमका अधिक महिना लागला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेकीला आणि जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. सायलीच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंडा. त्याला जावई आला नाही तर गावाला वेगळं सांगावं लागत नाही. आणि या महिन्यात लेक एकटी माहेरी आली, तर त्याहून वाईट. बायका नळावर कुजबुजतात की झालं, पोरगी परत आली.

नानांनी दिवस ठरवून निरोप धाडला. उत्तर नाही. तरी हा माणूस तयारीला लागला! काकी नाहीत, म्हणून माझ्याकडून अनारसे शिकून घेतले. तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाळवायचे, दळायचे, गुळात मळून ठेवायचे. प्लायवूडवर रोज टकटक. "वंदनाताई, पाणी बदललं. प्रत्यक्ष पाहिलं." मी ओरडायचे, "अहो नाना, मला मंत्रालयात रिपोर्ट द्यायचा नाहीये!" पहिला घाणा तुपात पार विरघळून गेला. आम्ही त्याला अनारसा हसला म्हणतो. नाना कढईत बघत बसले. "हसला की वो हा." मग पुन्हा पीठ मळलं. मी चेष्टा करत होते खरी, पण मनात एकच येत होतं. एवढं करून कुणी आलं नाही तर?

ठरल्या दिवशी सकाळीच मी मदतीला गेले. ओटा सारवल्यासारखा लख्ख. पाट मांडलेले, भोवती वेडीवाकडी रांगोळी, तीही नानांचीच. निखिलसाठी नवा टॉवेल-टोपी, सायलीसाठी साडी. मंद आचेवर अनारसे चांगले जाळीदार उतरत होते. नाना आज पहिल्यांदा स्वतःच्या कामावर खूष दिसले.

फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून नाना मला म्हणाले, "स्पीकर लावा."

"बाबा," सायलीचा आवाज बसलेला. "ह्यांनी शर्ट घातला होता. खरंच घातला होता. मामंजींनी विचारलं, कुठं निघालास. मग काढून ठेवला."

नानांचा झाऱ्या कढईतच राहिला.

"मी एकटी येते," ती म्हणाली. "आत्ता येते. काय व्हायचं ते होऊ दे. बघते मला कोण अडवतं!"

ये बाई, ये, असं माझ्या ओठांवर आलं होतं. नानांनी माझ्याकडं पाहिलं आणि फोनकडं वाकले.

"येऊ नको बाळ. मी आज घरी न्हाई. बाहेरगावी चाललोय."

"आज? कुठं?"

"काम निघालंय. मीच फोन करणार व्हतो, राहून गेलं. जावयांना सांग, माझंच चुकलं, आधी कळवाया पाहिजे व्हतं. त्यांच्यावर रागवू नको. जेवलीस का?"

"नाही."

"जेवून घे त्यांच्या संगं."

फोन बंद झाला. मला रडू फुटलं, आणि रागही आला. मी म्हटलं, "नाना, जन्मात एक अक्षर खोटं लिहिलं नाही, आणि पोटच्या पोरीशी खोटं बोललात?"

"अजून न्हाई," नाना म्हणाले. त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले आणि खुंटीवरचा शर्ट अंगात घातला. "आता गेलो का खरं व्हईल."

"अहो, येऊ द्यायचं होतं तिला! भांडून आली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"भांडून आलेली पोरगी परत कुठल्या तोंडानं जाती?" त्यांनी शर्टाची बटणं लावली. "तिला त्या घरात राह्यचंय, वंदनाताई. मी काय, आज हाय उद्या न्हाई. अनारसे तुमी न्या, पोरं खातील."

मी त्यांना गाडीवरून एसटी स्टँडवर सोडलं. ऊन मी म्हणत होतं. विचारलं, "कुठली गाडी बघताय?" तर म्हणाले, "जी पहिली लागंल ती." भीमाशंकरकडची गाडी उभी होती. चढले, खिडकीशी बसले. बरोबर पिशवी नाही की पाण्याची बाटली नाही. मला हातानं जा म्हणून खूण केली. मी गेले नाही. गाडी सुरू झाली, तोवर कंडक्टर त्यांच्यापाशी येऊन उभा राहिला होता. त्यानं कुठलं तिकीट विचारलं असेल. नाना त्याच्या तोंडाकडं नुसते बघत राहिले, आणि गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत त्यांना गावाचं नाव काही सांगता आलं नाही.