चित्रातल्या बाईचा हात

फिजिओथेरपिस्टबाईंच्या वेबपेजसाठी सूनबाईने एक हलती बाई मोठ्या हौसेने चितारली होती. संथपणे हात वर नेणारी, खाली आणणारी. खाली सूचना होती : ‘चित्राबरोबर हात हलवा. चित्र थांबलं की थांबा.’

पहिली पेशंट घरचीच. सासूबाईंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. स्वतःचे केस विंचरणंही कधीचं सुटलं होतं. सकाळी त्यांच्यासमोर टॅबलेट उभा करून सूनबाई ऑफिसला गेली. थोड्याच वेळात सासऱ्यांचा फोन.

“अगं, तुझी ती बाई थांबते कधी?”

“कोण बाई?”

“चित्रातली! ही तिच्यापुढे उभी. दम खाते, पाणी पिते, परत सुरू. म्हणते, ती कुठे थांबलीय अजून?”

सूनबाईने लॅपटॉप उघडला. चित्र हलवणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे सीएसएसमध्ये, ‘कितीदा’च्या जागी तिने ‘इन्फिनिट’ लिहिलं होतं; बॅटरी संपेपर्यंत बाई थांबायची नाही. आणि सासूबाई तर धरलेला नेम तापातही न मोडणाऱ्या!

“बाबा, पेज बंद करा.”

“हात लावू देईल तर ना! सुनेनं केलंय, अर्धवट सोडणार नाही म्हणते.”

सूनबाईने घाईघाईने आकडा टाकला. दहा, वर देवाच्या नावाने एक : अकरा. आणि संपलं की आहेस तिथेच थांब, अशी आज्ञा.

“बाबा, तो गोल बाण तेवढा दाबा. बाई बंद नाही होणार, नव्याने सुरू होईल, सांगा आईंना.”

फोनमधून सासूबाईंचे श्वास ऐकत सूनबाई वाट पाहत राहिली.

“थांबली का?”

“थांबली. पण हात वरच आहे तिचा. हिचाही.”

सूनबाईने कपाळावर हात मारला. सीएसएस वर जाणं एक मोजतं, खाली येणं दुसरं. अकरावं म्हणजे वर!

“आईंना द्या फोन!”

“कुठल्या हातात देऊ? कानाला लावतो.”

“आई, हात खाली घ्या हो! चुकलं माझं.”

“अगं,” सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, “कानाच्या वर गेलाय माझा हात!”

“दुखतोय?”

“दुखतोय की. पण गेलाय! या घरात मी पेला उचलला तरी सगळे ‘राहू दे, राहू दे’ करता. तुझी बाई एकदाही राहू दे म्हणाली नाही. देव तिचं भलं करो.”

सूनबाईने लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला.

“आता एक कर,” सासूबाई हळूच म्हणाल्या, “आधी तिचा हात खाली घे. माझ्यापायी बिचारी कधीची अवघडून उभी आहे.”