पाचवा सामना, गरज पडल्यास

"मालिका बघायची तर शेवटचा सामना बघायचा, अप्पा! कप शेवटच्या दिवशी देतात, पहिल्या दिवशी नाही!"

सुधीरने जेवणाच्या टेबलावर हे जाहीर केलं तेव्हा त्याचे सासरे, अप्पा, पोळीचा घास आमटीत बुडवून तसेच थांबले. मग तो शांतपणे तोंडात घातला. सांगलीहून हॅनोव्हरला आल्यापासून जावयाच्या घोषणा ऐकायची त्यांना सवय झाली होती. जावयाने आधी ब्रोकेनच्या डोंगरावर नेलं. तिथे इतकं धुकं होतं की अप्पांना शेजारी उभी असलेली मुलगीही दिसेना. मग राजवाडा दाखवायला नेलं, तर राजवाडा दुरुस्तीच्या परांचीत झाकलेला होता. तळ्यातली बोट वाऱ्यामुळे बंद होती. तेव्हापासून घरात दूध उतू गेलं तरी अप्पा शांतपणे म्हणायचे, "सुधीररावांचं प्लॅनिंग!"

सुधीरच्या वर्मावर नेमका तिथेच घाव बसायचा. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा त्याला पगार मिळत होता!

"बास्केटबॉलची फायनल आहे," त्याने तिकिटं पुढे ठेवली. "हॅनोव्हर हिर्श विरुद्ध रेगेन्सबर्ग रिटर. हिर्श म्हणजे सांबर, रिटर म्हणजे सरदार. वर्षानुवर्षांचं वैर! पाच सामन्यांची मालिका, आणि पाचवा इथे, आपल्या गावात, रविवारी दुपारी. तुमचं विमान सोमवारी!"

"पाचवाच का घेतलास?" त्याच्या बायकोने, नीताने, विचारलं.

"अगं, गंमत म्हणजे पहिल्या सामन्याची तिकिटं केव्हाच संपली होती. पाचव्याची अख्खी रांग मोकळी! या लोकांना कळतच नाही काय बघायचं ते!"

नीताने तिकीट उलटसुलट केलं. "इथे 'गरज पडल्यास' असं लिहिलंय."

"जर्मन माणूस छत्रीवरसुद्धा 'गरज पडल्यास' लिहील. ते सगळं वकिलांसाठी असतं."

"पाचवा का?" अप्पांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "वा, सुधीरराव! हे मात्र झकास केलंत. पाचवा म्हणजे उत्तमच!" आणि त्यांनी लगेच सांगलीच्या आमराईत फिरायला येणाऱ्या मित्रमंडळाला फोनवरून कळवून टाकलं: रविवारी जर्मनीची फायनल प्रत्यक्ष पाहणार.

सुधीरला त्या रात्री लहान मुलासारखी झोप लागली.

पहिला सामना त्याने कंपनीच्या कँटीनमध्ये मोठ्या पडद्यावर पाहिला. त्याचा टीम लीड यॉर्ग क्रूगर हा जन्मजात हिर्शवाला. हिर्श मागे पडले तसा तो पडद्याला शिव्या घालत कँटीनभर येरझाऱ्या घालू लागला. तेव्हा सुधीरने त्याला थांबवलं.

"यॉर्ग, अशानेच हरतो माणूस! आमच्याकडे क्रिकेटमध्ये जोडी जमली की कुणी जागचं हलत नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही. आत्ता आपला स्कोअर झाला ना? मग बसा आहात तिथेच!"

यॉर्ग होता तिथे, म्हणजे कचऱ्याच्या डब्यावर, बसला. कातया नावाची सहकारी कॉफीचा मग घेऊन दारात उभी होती. ती दारातच राहिली. आणि काय सांगावं, हिर्श जिंकले! दुसऱ्या सामन्याला सगळे पुन्हा तसेच. यॉर्ग डब्यावर, कातया दारात, सुधीर खिडकीजवळच्या खुर्चीत. हिर्श पुन्हा जिंकले!

आपल्याकडे अशी गोष्ट गंमत म्हणून करतात. जर्मन माणसाने एकदा केली की तिची पद्धत होते. दुसऱ्या दिवशी कँटीनच्या फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लागल्या. कुणाचा पाय कुठे, कुणाचं कोपर कुठे, सगळं आखलेलं! यॉर्ग सुधीरच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आता उद्या तिसरा जिंकला की संपलं!"

"संपलं कसं? अजून दोन आहेत."

"कुठले दोन?"

"चौथा आणि पाचवा."

"ते कशाला खेळायचे?"

"पाचाची मालिका आहे ना!"

"अरे, तीन जिंकले की कप आपला. मग पुढे कशासाठी खेळायचं?"

"...इज्जतीसाठी?"

"जिंकणाऱ्याला इज्जत मिळालेली असते," यॉर्ग म्हणाला, "आणि हरणाऱ्याला सुट्टी हवी असते."

लहानपणापासून सुधीरने पाच सामन्यांच्या मालिका पाहिल्या होत्या. तीन-शून्य झालं तरी चौथा होतो, पाचवा होतो, नवीन पोरांना संधी मिळते, जुनी पोरं निरोप घेतात. मालिका म्हणजे लग्न. अक्षता पडल्या म्हणून जेवण रद्द होत नाही! इथे मात्र अक्षता पडल्या की मांडवच उचलतात. 'गरज पडल्यास' वकिलांसाठी नव्हतं. ते त्याच्यासाठी होतं.

म्हणजे आता हिर्शना एकदा नव्हे, सलग दोनदा हरावं लागणार होतं. नाहीतर अप्पा सोमवारी विमानात बसणार आणि सांगलीत पोचल्या पोचल्या आमराईत सांगणार: धुकं पाहिलं, परांची पाहिली, आणि फायनलची तिकिटं पाहिली.

तिसऱ्या सामन्याला सुधीर हिर्शचा मफलर गळ्यात घालून, आपल्या पट्टीवर पाय ठेवून, हिर्श हरावेत म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करत बसला. हिर्शने बॉल टाकला की हात टाळी वाजवायचे आणि पोटात गोळा यायचा. रिटरने टाकला की पोट सुखावायचं आणि चेहरा पाडावा लागायचा. मध्यंतरापर्यंत कोणता अवयव कोणत्या टीमचा हेच त्याला कळेनासं झालं. रिटरच्या एका उंच खेळाडूने लांबून तीन गुणांचा बॉल टाकला आणि सुधीर ओरडला, "क्या बात है!"

कँटीन त्याच्याकडे वळलं.

"चांगल्या खेळाला दाद द्यायची," तो घाईघाईने म्हणाला. "आमच्याकडे पद्धत आहे."

"आणखी एक पद्धत?" कातयाने दारातून विचारलं. "ही कुठे लिहून घ्यायची?"

तेवढ्यात फोन वाजला. नीता. सुधीर फोन घ्यायला उठला.

"सुधीर, बस!" यॉर्ग डब्यावरून गरजला.

"बायको आहे," सुधीर म्हणाला आणि बाहेर सटकला.

"अरे, आपले पुढे आहेत ना?" नीता विचारत होती. "टीव्ही मध्येच अडकला. अप्पा गॅलरीत आहेत, त्यांचं तुला माहितीये ना, तिथून सारखे ओरडून विचारतायत."

अप्पा झाडांना पाणी घालत असतील असं समजून सुधीरने विषय सोडून दिला आणि मुद्दाम लांबण लावली. भाजी काय केली, बॅगांचं वजन किती झालं, लोणच्याची बरणी कुणाला दिली, सगळं विचारलं. तो परत आला तेव्हा हिर्श हरले होते.

"तू उठलास," यॉर्ग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. दुःख होतं, आणि ते जास्त भयंकर होतं.

चौथ्या सामन्याला त्यांनी सुधीरला त्याच्याच मफलरने खुर्चीला बांधलं. फोन काढून घेतला. हिर्श सुटलेच होते. एक, दोन, तीन बॉल लागोपाठ! सुधीरला घाम फुटला. हात बांधलेले, पाय पट्टीवर. उरली होती फक्त जीभ.

"कातया," तो सहज विचारल्यासारखं म्हणाला, "परवा तुझा मग उजव्या हातात होता ना?"

कातयाने मगाकडे पाहिलं. "डाव्या. ...नाही, थांब."

"उजव्याच होता," यॉर्ग म्हणाला. "मला कान दिसत होता मगाचा."

"कान दिसत होता म्हणजे डाव्यात!"

"आणि यॉर्ग, तू डब्यावर बसला होतास तेव्हा झाकण उघडं होतं की बंद?"

यॉर्गचा चेहरा पांढरा पडला. झाकण! झाकणाचा विचारच कुणी केला नव्हता! पाच मिनिटांत कँटीनची संसद झाली. कातया मग या हातातून त्या हातात फिरवू लागली. यॉर्ग डबा उघडून त्यात डोकावू लागला. हिशेब खात्याच्या दोघांनी आपापल्या पट्ट्या उखडून नव्याने चिकटवल्या, आणि त्याही एकमेकांच्या जागी. पडद्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बहुधा तिकडे रेगेन्सबर्गात हिर्शचंही नसावं, कारण ते हरले. दोन-दोन!

बांधलेल्या अवस्थेत सुधीरने जगातला सर्वांत आनंदी सुतकी चेहरा केला.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला होता. ऐन वेळी तिकिटांसाठी मारामारी झाली होती, आणि सुधीर नि अप्पा अगदी मधल्या रांगेत! दोन रांगा खाली यॉर्ग, कातया आणि कँटीनची सगळी फौज. अप्पांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. आल्या आल्या मित्रमंडळासाठी फोटो काढून झाला.

"कसं आहे प्लॅनिंग, अप्पा?" सुधीरला राहवलं नाही.

"मानलं बुवा! आता निवांत बघू. चौथ्याचा निकाल मी मुद्दाम विचारला नव्हता. कप कोणाला मिळाला?"

"अजून नाही मिळाला. दोन-दोन झालंय. आज जो जिंकेल त्याचा!"

अप्पांच्या हातातला फोन खाली आला. "आजच्यावर आहे?"

"सगळं आजच्यावर!"

पहिल्या डावापासूनच अप्पा चुळबुळू लागले. हिर्श मागे पडले तसे डोळे मिटून बसले. चारपैकी तिसऱ्या डावाच्या अखेरीस हिर्श चांगलेच मागे होते. अप्पा उठले आणि पायऱ्या उतरून थेट बाहेर निघाले. सुधीर मागे धावला.

हॉलच्या बाहेरच्या गल्लीत ब्रेत्सेल, म्हणजे पीळ दिलेला खारा पाव, विकणारी एक गाडी उभी होती. तिच्या शेजारी अप्पा भिंतीकडे तोंड करून, आग लागल्यास काय करावे याची पाटी वाचत उभे होते. त्यांना जर्मनचं अक्षरही येत नव्हतं.

"अप्पा, बरं वाटत नाहीये का?"

"मी ठीक आहे. पण मी आत बसलो तर तुमची टीम हरणार."

"असं कसं?"

"सुधीरराव, मी पनवती आहे! निर्णायक सामना मी बघितला की आपली माणसं बाद होतात. आयुष्यभराचा अनुभव आहे. म्हणून मी गॅलरीत जातो. नीताने सांगितलं नाही?"

सुधीरला झाडांचं पाणी आठवलं.

"तुम्ही पाचव्याची तिकिटं काढलीत म्हणून मी खूश झालो," अप्पा पाटीला उद्देशून म्हणाले. "म्हटलं, तोवर निकाल लागलेला असणार. जिवाला घोर नाही, नवीन पोरं खेळतील, आपण टाळ्या वाजवू. मला तसलेच सामने आवडतात हो!"

काहीतरी धरायला हवं म्हणून सुधीरने एक ब्रेत्सेल विकत घेतला. आतून आरोळी आली. मग आणखी एक. मग दार धाडकन उघडून यॉर्ग बाहेर आला. डोळे लाल, मफलर कपाळाला.

"तुम्ही इथे केव्हापासून आहात?"

"तिसरा डाव संपत आल्यापासून. का?"

"तेव्हापासून आपला एकही बॉल चुकलेला नाही!" यॉर्गने दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. "हे भिंतीकडे तोंड करूनच होते?"

"हो."

"आणि ब्रेत्सेल याच हातात?"

"हो, पण मी आता आत—"

"हलायचं नाही!" यॉर्गने खिशातून चिकटपट्टी काढली. ती तो हल्ली बरोबरच बाळगत होता. "तूच शिकवलंस आम्हाला. ब्रेत्सेल खायचाही नाही!"

अप्पांना भाषा कळली नाही, पण विषय पूर्ण कळला. त्यांनी यॉर्गशी मोठ्या आदराने हात मिळवला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना समजून घेतलं होतं.

सुधीर पट्टीवर उभा राहिला. आतला प्रत्येक आवाज त्याला ऐकू येत होता आणि एकाचाही अर्थ लागत नव्हता. शेवटी छत उडेल असा गलका झाला. ब्रेत्सेलवाला गाडी सोडून नाचू लागला, त्यावरून कप हॅनोव्हरलाच राहिला असं दोघांनी ताडलं.

घरी पोचताच नीता दारातच ओरडली, "काय टाकला तो शेवटचा! अर्ध्या मैदानावरून! टीव्हीवर एवढा भारी दिसला, प्रत्यक्षात कसा वाटला?"

सुधीर बुटांची नाडी सोडण्यात गर्क झाला.

"शब्दांत सांगता यायचं नाही," अप्पा म्हणाले आणि जावयाच्या खिशातून चपटा झालेला ब्रेत्सेल काढून त्याला अर्धा दिला. "सुधीररावांचं प्लॅनिंग!"

या वेळी ते मनापासून म्हणाले होते.

कंपनीने पुढच्या हंगामासाठी हिर्शच्या हॉलमध्ये एक रांग राखून ठेवली आहे. सुधीरची जागा तर आत्ताच पक्की झाली: बाहेर, ब्रेत्सेलच्या गाडीशेजारी, भिंतीकडे तोंड करून.