यासीरच्या वडिलांचा सत्कार

सुदानमधल्या युद्धाची गंभीर दखल देवळाली प्रवरेजवळच्या एका कृषी महाविद्यालयाने सर्वप्रथम घेतली. म्हणजे युद्ध पेटून अकरा दिवस झाल्यावर. आधीचे दहा दिवस दखल कोणत्या समितीने घ्यायची हे ठरवण्यात गेले.

कॉलेजात सुदानचा एकच विद्यार्थी होता, यासीर. वडील खार्तूमला एकटे. युद्ध सुरू झाल्यापासून त्यांचा फोन लागत नव्हता. ईदलाही लागला नाही. यासीरने खोलीवर स्वयंपाक करणे सोडले. शेजारच्या छबूबाईंना ते बघवेना. संध्याकाळी त्या झाकलेले ताट घेऊन आल्या.

यासीरने झाकण काढले. पिठलं-भाकरी. ज्या घरात कुणी गेले, तिथे शेजारी पिठलं-भाकरी आणतात, एवढे तो दोन वर्षांत शिकला होता.

"मावशी, तुमाला कोनी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? दिसतंय की. खाऊन घे, बाळा."

यासीर उंबऱ्यावर बसून रडू लागला. याला बातमी आलेली दिसते, असे समजून छबूबाईही रडू लागल्या. कॉलेजचा शिपाई कानिफनाथ तिथून चालला होता. त्याने दोघांना पाहिले, ताट पाहिले आणि सरळ प्राचार्यांना फोन लावला.

प्राचार्य शामकांत कुलकर्णी यांनी सकाळी अकराला शोकसभा ठेवली. प्रवेशअर्जावरचा पालकाचा फोटो राहुरीला मोठा करून आणला, चौकट आणली, हार आणला.

"सर, एकदा खात्री करून घ्यायची का?" कानिफनाथ म्हणाला.

"पिठलं तू बघितलंस ना?"

"व्हय."

"मग?"

सभागृह भरले. कैलासवासींचे या महाविद्यालयावर अपार प्रेम होते, असे प्राचार्य म्हणाले. कैलासवासींनी हे महाविद्यालय पाहिलेले नव्हते. मग सगळे स्तब्ध उभे राहिले आणि यासीरच्या खिशातला फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर बनियनवर बसलेले वडील कलिंगड खात होते.

यासीरने फोन शेजारी उभ्या असलेल्या छबूबाईंपुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, पडद्याकडे पाहिले, फोटोकडे पाहिले.

"सर, ह्ये तर जित्ते हायेत."

वडिलांनाही पलीकडून फोटो दिसला. हा माझा फोटो तिथे कशाला, असे त्यांनी अरबीत विचारले. यासीरने डोळे पुसले, आणि हे लोक तुमचा सत्कार करतायत, असे सांगितले. वडिलांनी कलिंगड बाजूला ठेवले. छातीवर हात ठेवून ते बराच वेळ बोलत राहिले.

"बाबा म्हनतात, लई उपकार झाले तुमचे," यासीर म्हणाला. "चाळीस वर्षं नोकरी केली, पन हार कुनी घातला नव्हता. आनी माज्या पोराला तुमी एकटं पडू दिलं न्हाई म्हनतात."

छबूबाई पुन्हा रडल्या. प्राचार्यांनी तेच भाषण पुढे चालवले, फक्त 'होते'च्या जागी 'आहेत' घातले. टाळ्या भरपूर पडल्या.

टाळ्या ओसरल्यावर यासीरने वडिलांना विचारले, इतके दिवस फोन का बंद होता?

वडील तिसऱ्याच दिवशी बहिणीकडे पोर्ट सुदानला सुखरूप पोचले होते. चार्जर खार्तूमला राहिला होता.